जुन्या संगणकावरील मराठी मजकूर : दोषांची ओळख व उपाय

शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात बालकाचे नाव एकदा जसे लिहिले जाते, तसेच ते पुढे शाळा सोडल्याच्या दाखल्यावर, शिष्यवृत्तीच्या अर्जावर आणि जातीच्या प्रमाणपत्रासाठी द्यावयाच्या कागदांवर उमटत जाते. हस्तलिखित रजिस्टरातील शाई फिकी झाली तरी जाणता माणूस अक्षर लावू शकतो. संगणकावर केलेल्या यादीचे तसे नाही. सायंकाळी सुरेख दिसणारी चाळीस नावांची यादी दुसऱ्या दिवशी उघडावी तो तेथे केवळ प्रश्नचिन्हांच्या ओळी असाव्यात, असे घडू शकते. आणि तसे घडल्यावर त्या प्रश्नचिन्हांतून नाव परत काढण्याची कोणतीही युक्ती नाही. इतर पुष्कळ दोष मात्र दिसण्यात भयंकर असूनही निरुपद्रवी असतात. कोणता दोष कोणत्या जातीचा, हे ओळखता येणे ही म्हणूनच या विषयातील पहिली गरज होय.

ग्रामीण शाळांतील संगणक बहुधा जुने असतात. कित्येकांवर विंडोज एक्सपी किंवा विंडोज सेव्हन ही कार्यप्रणाली असते. पहिलीस निर्मात्याकडून मिळणारी दुरुस्तीची मदत ८ एप्रिल २०१४ रोजी व दुसरीस मिळणारी १४ जानेवारी २०२० रोजी थांबली. असे यंत्र आंतरजालावर नेणे सुरक्षित नाही. ऑनलाइन माहिती भरण्याचे काम दुसऱ्या साधनावर करावे हेच बरे. परंतु याद्या, प्रश्नपत्रिका, पालकांना पाठवावयाच्या सूचना, वाचनपाठ यांसाठी ते यंत्र आजही पुरेसे आहे. त्यावरील नोटपॅड हा साधा मजकूर-लेखक फार थोडी स्मृती घेतो आणि कोणत्याही यंत्रावर उघडतो. ज्यास मांडणीपेक्षा अक्षराची चिंता अधिक, त्याने तोच वापरावा.

संगणक अक्षर साठवीत नाही, अंक साठवितो. कोणत्या अंकाचे कोणते अक्षर, हे एका कोष्टकावरून ठरते आणि त्या अक्षराचे रूप फाँट पुरवितो. अंक आणि रूप या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, एवढे ध्यानी आले की पुढील सारा उलगडा सोपा होतो.

पूर्वी संगणकाचे कोष्टक २५६ जागांचे असे व त्यात देवनागरीला स्थान नव्हते. त्या काळी निघालेल्या कृतिदेव व तत्सम फाँटांनी एक तडजोड केली. इंग्रजी अक्षराचा अंक तसाच ठेवून त्यास मराठी अक्षराचा मुखवटा चढविला. कृतिदेवमध्ये 'मराठी' हा शब्द टंकलिखित केला असता संगणकाच्या लेखी ई, जे, के, बी, एच ही पाच इंग्रजी अक्षरेच जमा होतात. तो फाँट आहे तोवर 'मराठी' दिसते. तो नसलेल्या यंत्रावर मुखवटा गळून पडतो व इंग्रजी अक्षरांची खिचडी समोर येते. शिवाय एका फाँटाचा मुखवटा दुसऱ्यास बसत नाही. म्हणून एका शाळेची यादी केंद्रशाळेत वाचता येत नसे. यात कोणाचा आळस नव्हता; कोष्टकच परके होते.

भारतीय मानक ब्यूरोने १९९१ मध्ये भारतीय लिप्यांसाठी इस्की ही संकेतप्रणाली मानक म्हणून प्रसिद्ध केली. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली व तीत देवनागरीला स्वतःच्या १२८ जागा मिळाल्या. त्यांचे क्रमांक २३०४ ते २४३१ असे आहेत. 'म' चा क्रमांक २३५०. तो भंडाऱ्यात २३५० आहे, मुंबईत आहे व परदेशातही आहे. फाँट बदलला तर 'म' चे वळण बदलेल, परंतु 'म' चा 'ट' होणार नाही. शाळेचे सर्व नवे लेखन युनिकोडमध्येच असावे, याविषयी दुमत होण्याचे कारण उरलेले नाही.

आता दोषांची लक्षणे पाहू. पडद्यावर नुसते रिकामे चौकोन दिसत असतील तर यंत्रावर देवनागरी फाँट नाही एवढाच त्याचा अर्थ. मजकूर शाबूत आहे. 'दिघोरी' या नावातील पहिली वेलांटी 'द' च्या मागून पडत असेल, किंवा 'अड्याळ' मधील जोडाक्षर फुटून 'ड' चा पाय मोडलेला व 'य' सुटा दिसत असेल, तर अक्षरे जुळविणारी सामग्री कार्यप्रणालीत बसविलेली नाही असे समजावे. याही वेळी मजकूर शाबूत असतो. शिक्षकाने घाबरून ती वेलांटी 'सुधारावयास' जाऊ नये. बरोबर असलेले लेखन आपल्या हाताने बिघडविण्याचा तो राजमार्ग आहे. इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसल्यास मजकूर जुन्या मुखवट्याच्या फाँटातील आहे. तो परिवर्तकाने युनिकोडमध्ये आणता येतो. डोक्यावर तिरकी रेघ असलेला इंग्रजी 'ए' दर दोन चिन्हांनंतर पुनःपुन्हा येत असेल, तर मजकूर युनिकोडचाच आहे, मात्र संगणकाने तो चुकीच्या कोष्टकावरून वाचला आहे. नोटपॅडमध्ये फाइल उघडतानाच्या चौकटीत तळाशी 'एन्कोडिंग' असे लिहिलेले असते. तेथे यूटीएफ-८ निवडून फाइल पुन्हा उघडावी.

उरले प्रश्नचिन्ह. खरे नुकसान येथे आहे. जुन्या नोटपॅडची मूळ सवय मजकूर 'ॲन्सी' या २५६ जागांच्या कोष्टकात साठविण्याची. मराठी मजकूर लिहून जतन करण्याची आज्ञा दिली की तो इंग्रजीत एक लांबलचक इशारा दाखवितो. त्याचा आशय असा की, या फाइलमध्ये युनिकोड अक्षरे आहेत, ॲन्सीत साठविल्यास ती नष्ट होतील, पुढे जावे काय? इशारा वाचण्याची सवय नसलेला हात 'ओके' ची कळ दाबतो. त्याक्षणी जे अक्षर कोष्टकात सापडत नाही त्याच्या जागी प्रश्नचिन्हाचा अंक लिहिला जातो. 'म' असो की 'ळ', दोघांच्या जागी तेच एक चिन्ह. मग मूळ कोणते होते हे यंत्रास तरी कसे कळावे? या इशाऱ्यावर नेहमी 'कॅन्सल' दाबावे, 'सेव्ह ॲज' मध्ये जावे, एन्कोडिंगच्या ठिकाणी यूटीएफ-८ निवडावे आणि मगच जतन करावे. 'ओके' दाबले गेलेच, पण मजकूर अद्याप पडद्यावर दिसत असेल, तर खिडकी बंद न करता याच रीतीने तो पुन्हा जतन करावा.

दररोज ही दक्षता घेणे कठीण. त्यासाठी एक सोपी तजवीज करता येते. एक रिकामी फाइल यूटीएफ-८ मध्ये जतन करावी, तिला 'कोरे पान' म्हणावे व तिच्या गुणधर्मांत 'केवळ वाचनासाठी' अशी खूण करावी. नवे काम नेहमी हे कोरे पान उघडूनच सुरू करावे. नोटपॅड उघडलेल्या फाइलचे कोष्टक पुढे चालवितो आणि केवळ वाचनाची खूण असल्यामुळे नवे नाव विचारतो. कोरे पान कोरेच राहते. २०१९ पासूनच्या विंडोज टेनमधील नोटपॅड स्वतःहूनच यूटीएफ-८ वापरतो. पण जुन्या यंत्रावर ही सोय नाही.

मजकूर शाबूत आहे किंवा नाही याची ताळेबंदासारखी एक परीक्षाही आहे. यूटीएफ-८ मध्ये प्रत्येक देवनागरी चिन्ह तीन बाइट घेते. काना, मात्रा, वेलांटी यांचेही तितकेच. 'मराठी' या शब्दात म, र, काना, ठ व दुसरी वेलांटी अशी पाच चिन्हे, म्हणजे पंधरा बाइट. त्यापूर्वी जुना नोटपॅड ओळखीची खूण म्हणून आणखी तीन बाइट घालतो, एकूण अठरा. फाइलच्या गुणधर्मांत अठराऐवजी पाच बाइट दिसले तर आत प्रश्नचिन्हे आहेत हे न उघडताच समजावे. पाचवीच्या वर्गात हा हिशेब गुणाकाराचे उदाहरण म्हणून घालण्यासही हरकत नाही.

एक्सपीवर अक्षरजुळणीची सामग्री अशी बसवावी. कंट्रोल पॅनेलमध्ये 'रीजनल अँड लँग्वेज ऑप्शन्स' उघडून 'लँग्वेजेस' या पानावर जावे. तेथे कॉम्प्लेक्स स्क्रिप्टसंबंधीच्या ओळीपुढे खूण करावी. संगणक मूळ तबकडी मागेल. ती हरवली असल्यास त्याच आवृत्तीच्या दुसऱ्या तबकडीवरील 'आय-३८६' हे दालन पेन ड्राइव्हवरून आणून त्याचा मार्ग दाखवावा. यंत्र पुन्हा सुरू केल्यावर त्याच पानावरील 'डीटेल्स' मधून मराठी कळफलक जोडावा. विंडोज सेव्हनमध्ये सामग्री आधीच असते, केवळ कळफलक जोडावा लागतो. डावी 'आल्ट' व 'शिफ्ट' एकत्र दाबली की इंग्रजीतून मराठीत व उलट जाता येते. कळ दाबूनही इंग्रजीच उमटत असेल तर बहुधा हेच राहून गेलेले असते.

हा कळफलक इनस्क्रिप्ट पद्धतीचा असतो. त्यात बहुतांशी स्वर व मात्रा डाव्या हाताकडे आणि व्यंजने उजव्या हाताकडे आहेत. टंकलेखन यंत्रावर तयार झालेल्या हातास प्रारंभी अडखळणे स्वाभाविक आहे. तेथे 'शि' लिहिताना वेलांटी आधी व 'श' नंतर दाबावा लागे, कारण कागदावर ती डावीकडे उमटते. युनिकोडमध्ये उच्चाराचा क्रम पाळतात : आधी 'श', मग वेलांटी. बाराखडी शिकविणाऱ्यास ही रीत अधिक जवळची वाटावी. ज्यांचा हात रेमिंग्टन मांडणीवर पक्का बसला आहे त्यांच्यासाठी सी-डॅकच्या आयएसएमसारख्या कार्यक्रमांत तीच मांडणी ठेवून युनिकोडमध्ये लिहिण्याची सोय आहे. मांडणी जुनी असण्यास आक्षेप नाही, अंक जुने नसावेत.

मराठीचा विशेष म्हणजे अर्धा 'र'. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधील खोल जागा. 'आचार्यांना' दिलेला मान वेगळा व 'आचाऱ्यांना' दिलेली मजुरी वेगळी. इनस्क्रिप्टमध्ये 'जे' या कळीवर 'र' आहे; ती, मग पाय मोडण्याची 'डी', मग 'य' दाबल्यास रफार येतो. पहिली कळ शिफ्टसह दाबली तर 'ऱ्य' येतो. हेच रूप एका अदृश्य जोडचिन्हाच्या साहाय्यानेही काढता येते. डोळ्यास दोन्ही सारखी, पण आतील अंक भिन्न. 'ॲ' चेही असेच आहे. या अक्षरास युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा २००८ मध्ये मिळाली. एक्सपीच्या मूळ मंगल फाँटात ते नाही, म्हणून तेथे चौकोन दिसतो. मग कोणी 'अ' वर चंद्र देऊन काम भागवितो. परिणाम असा की, एका रीतीने लिहिलेले नाव दुसऱ्या रीतीने शोधल्यास संगणक 'नाही' म्हणतो आणि एकाच मुलाची नोंद दोनदा होते. केंद्रातील सर्व शाळांनी एकच रीत ठरवून घ्यावी. त्यासाठी केंद्रप्रमुखांच्या एका बैठकीतील दहा मिनिटे पुरतात.

जुन्या फाँटातील याद्या परिवर्तकाने बदलल्यावर त्या तशाच स्वीकारू नयेत. रफार, ऋकार, 'ज्ञ', 'श्र' व पहिली वेलांटी ही घसरण्याची स्थाने. आधी एक चाचणी-ओळ बदलून पाहावी. तीत दिघोरी, अड्याळ, लाखांदूर, गर्रा, दऱ्या, ज्ञान, श्रावण, ऋतू हे शब्द असावेत. ती निर्दोष उतरली तरच यादीस हात घालावा. त्यानंतर एका शिक्षकाने मूळ हस्तलिखित रजिस्टरातून नाव मोठ्याने वाचावे व दुसऱ्याने पडद्यावर अक्षर न् अक्षर ताडून पाहावे. मूळ फाइल तोवर पुसू नये.

किरकोळ व्याधींत वीज जाणे ही पहिली. जुना नोटपॅड आपण होऊन काही जतन करीत नाही. दर दहा नावांनंतर 'कंट्रोल' व 'एस' दाबावे. फाइलचे नाव इंग्रजी अक्षरांत व अंकांत ठेवावे, म्हणजे पेन ड्राइव्हवरून कोठेही नेता येते. प्रत्येक वेळी यंत्र सुरू होताना कित्येक वर्षांपूर्वीची तारीख दाखवीत असेल, तर मदरबोर्डवरील नाण्याएवढी बॅटरी संपलेली असते. फाइलवर खोटी तारीख पडली की कोणती प्रत नवी व कोणती जुनी हे कळेनासे होते आणि नव्या यादीवर जुनी चढविली जाते. तिच्यावर सीआर-२०३२ असा क्रमांक बहुधा आढळतो. घड्याळाच्या दुकानात ती स्वस्तात मिळते. यंत्र बंद करून, विजेची तार काढून ती बदलावी व तारीख नव्याने लावावी.