बंदूक तिची होती, एवढ्यावर चौकशी संपते काय?

सैनिक लढाईत पडला तर तो कसा मेला, हे कुणी फारसे विचारत नाही. परंतु लढाई नसताना, छावणीच्या आत, स्वतःजवळच्या रायफलीच्या गोळीने तो मेला, की सगळे सवाल तिथून सुरू होतात. लष्कराचे उत्तर बहुतेक वेळा एका शब्दाचे असते : आत्महत्या. हा शब्द खरा असू शकतो. पण तो कुणी ठरवला, कशावरून ठरवला, आणि त्याची कागदपत्रे मागण्याचा अधिकार मृताच्या आईबापांना आहे की नाही, एवढेच आम्हाला आज विचारायचे आहे.

अमेरिकेतील एक प्रकरण घेऊ. लव्हीना जॉन्सन ही मिसुरी राज्यातल्या सेंट लुईसजवळची कृष्णवर्णीय मुलगी. शाळेत हुशार. शिक्षणाचा भार आईवडिलांवर नको म्हणून सैन्यात गेली. १९ जुलै २००५ रोजी इराकमधील बलाद येथील अमेरिकी तळावर, एका खासगी कंत्राटदार कंपनीच्या तंबूत, तिचा मृतदेह सापडला. विसावा वाढदिवस आठ दिवसांवर होता. लष्कराने निष्कर्ष दिला : स्वतःच्या एम-१६ रायफलीने स्वतःवर गोळी झाडली.

तिचे वडील स्वतः लष्करात नोकरी केलेले. मुलीचे प्रेत पाहिले आणि त्यांना शंका आली. जखम रायफलीच्या मानाने लहान वाटत होती आणि डोक्याच्या डाव्या बाजूला होती. मुलगी उजव्या हाताची. नाकावर, चेहऱ्यावर मार दिसत होता. एम-१६ जवळपास एक मीटर लांबीची आणि मुलगी जेमतेम पाच फूट उंचीची. पुढे त्यांनी आरोप केला, की मुलीवर आधी अत्याचार झाला, मग खून झाला आणि प्रकरण दडपले गेले. लष्कराने हे आरोप फेटाळले आणि आत्महत्येचा निष्कर्ष कायम ठेवला. खून झाला असे कोणत्याही न्यायालयाने म्हटलेले नाही. म्हणून आम्हीही तसे म्हणणार नाही.

पण कागदपत्रे मिळवण्यासाठी त्या बापाला काय करावे लागले, ते पाहा. अमेरिकेच्या माहिती स्वातंत्र्याच्या कायद्याखाली त्यांनी अर्ज केला. हाती आल्या त्या काळ्यापांढऱ्या, धूसर छायाप्रती. त्यातल्या एका पानावर चक्क एका सीडीची छायाप्रत होती! सीडीत काय आहे, हे छायाप्रतीवरून कसे कळणार? त्यांनी सीडी मागितली. मिसुरीचे काँग्रेस सदस्य विल्यम लेसी क्ले यांना मध्ये पडावे लागले, तेव्हा कुठे रंगीत छायाचित्रे घरच्यांच्या हाती आली. निष्कर्षाबद्दल खात्री असेल तर आधाराचे कागद देताना हात का आखडावा? कागद दडवले की खऱ्या निष्कर्षावरचाही विश्वास उडतो. या एका मुलीवर २०१० साली माहितीपट निघाला, कारण सरकारी उत्तराने घरच्यांचे समाधान झालेच नव्हते.

कुणी म्हणेल, दुःखात बुडालेल्या आईबापांना कितीही कागद दिले तरी पटणार नाही. यावर इंग्लंडचे उदाहरण बोलके आहे. सरे परगण्यातील डीपकट छावणीत १९९५ ते २००२ या काळात चार तरुण प्रशिक्षणार्थी गोळी लागून मेले. त्यात दोघे अवघ्या सतरा वर्षांचे होते. पहिल्या मृत्यूत, शॉन बेंटन याच्या छातीत, पाच गोळ्या लागल्या होत्या. तरीही आत्महत्या म्हणून फाइल बंद झाली. अठरा वर्षांची शेरिल जेम्स फाटकावर पहाऱ्याला होती. तिच्या मृत्यूची न्यायिक चौकशी महिनाभरात उरकली गेली. पोलिसांनी तपास नीट केला नव्हता, पुरावे जपले नव्हते.

आईबापांनी वीस वर्षे पिच्छा सोडला नाही. २०१४ मध्ये उच्च न्यायालयाने शेरिलच्या प्रकरणातील जुना निर्णय रद्द केला आणि नव्याने चौकशीचा आदेश दिला. २०१६ मध्ये निकाल आला, मृत्यू आत्महत्येनेच. २०१८ मध्ये बेंटनच्या प्रकरणातही तेच. मग इतका खटाटोप फुकट गेला काय? मुळीच नाही. उघड्या चौकशीत साक्षीपुरावे झाले, तेव्हा छावणीतला छळ, मारहाण आणि वरिष्ठांचे दुर्लक्ष नोंदीवर आले. चाप कुणी ओढला याचे उत्तर मिळाले. तो ओढण्याची पाळी का आली, याचेही उत्तर मिळाले. पहिल्या चौकश्यांनी हा दुसरा सवाल नीट विचारलाच नव्हता. आमच्या मते तोच मोठा सवाल आहे.

आता आपल्या देशात या. ऑक्टोबर २०२३ मध्ये पंजाबच्या मानसा जिल्ह्यातील एक अग्निवीर जम्मू-काश्मीरमध्ये पहाऱ्यावर असताना गोळी लागून मेला. लष्कराने सांगितले, गोळी त्याने स्वतःच झाडली. म्हणून १९६७ पासूनच्या धोरणानुसार त्याला लष्करी मानवंदना मिळाली नाही. त्याच वेळी लष्कराने असेही सांगितले, की २००१ पासून दरवर्षी सरासरी १०० ते १४० जवान आत्महत्येने किंवा स्वतःहून केलेल्या इजेने मरतात. वाचकहो, हा आकडा पुन्हा वाचा. ही लष्कराचीच आकडेवारी आहे, आणि वाद पेटला नसता तर ती किती लोकांपर्यंत पोचली असती?

निष्कर्षाच्या एका शब्दावर काय काय अवलंबून असते? शेवटची सलामी अवलंबून असते. गावात ताठ मानेने जगणे अवलंबून असते. पैसाही असतो : अग्निवीराचा मृत्यू सेवेमुळे झाला असे ठरले तर विम्याच्या ४८ लाखांवर आणखी ४४ लाखांचे सानुग्रह अनुदान असते, नाही ठरले तर ते जाते. आणि हे ठरवणारी पहिली चौकशी त्याच खात्याचे अधिकारी करतात. आपल्याच प्रकरणात आपणच न्यायाधीश नसावे, हे कायद्याच्या पहिल्या वर्षाला शिकवतात.

लष्करी नियम, १९५४ खाली होणारी ‘कोर्ट ऑफ इन्क्वायरी’ नावाने कोर्ट असली तरी न्यायालय नव्हे. तिच्यातले जबाब लष्करी कायद्याखालील माणसाविरुद्ध पुरावा म्हणूनही सहसा चालत नाहीत. कोठडीतील मृत्यूची चौकशी न्यायदंडाधिकाऱ्याने करावी, अशी तरतूद २००५ च्या दुरुस्तीने झाली. आज ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९६ मध्ये आहे. बराकीतला जवान कोठडीत नसतो हे खरे. पण हुकमाशिवाय तो फाटकाबाहेर पाऊल टाकू शकतो काय? मग त्याच्या मृत्यूलाही तेवढीच स्वतंत्र चौकशी का नको?

कायदा बदलेल तेव्हा बदलेल. आज ज्यांच्या घरी असा फोन येईल, त्यांनी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. कलम १९४ खाली पोलिसांनी पंचनामा केला का, ते विचारा आणि त्याची प्रत मागा. शवविच्छेदनाचा अहवाल लेखी अर्ज करून मागा. गोळी किती अंतरावरून लागली, जखमेभोवती काजळी किंवा दारूचे कण होते का, हातावर दारूचे अंश तपासले का, हे त्यात पाहा. अंत्यसंस्कारापूर्वी विश्वासू डॉक्टरला प्रेत दाखवा. शंका असेल तर घाईने अग्नी देऊ नका. शेवटचे फोन आणि संदेश जपून ठेवा. माहिती अधिकाराच्या दुसऱ्या अनुसूचीत सीमा सुरक्षा दल आहे, केंद्रीय राखीव पोलीस दल आहे. भूदलाचे नाव तिथे नाही. म्हणजे अर्ज करता येतो. तपास चालू आहे म्हणून कागद नाकारले, तर तपास संपल्यावर पुन्हा अर्ज करा.

हे सांगितले की कुणी आम्हाला सैन्याचे विरोधी ठरवील. ठरवू द्या. गरिबाघरची पोरे सैन्यात जातात तेव्हा आईबाप त्यांना सरकारच्या हाती सोपवतात. सोपवलेल्या ठेवीचा हिशेब मागणे हा द्रोह कसा? उत्तर आत्महत्या असेल तर तेही आम्ही सोसू. पण ते पुराव्यानिशी द्या, आणि पोराला तिथवर कुणी आणले, तेही सांगा.