शाळेचे संकेतस्थळ : आधी टाचण, मग उभारणी

टाचण काढल्यावाचून वर्गात जाऊ नये, ही अध्यापक विद्यालयात मिळालेली शिकवण आपणांपैकी कोणीही विसरले नसेल. पाठ कोणासाठी, उद्देश कोणता, साहित्य काय लागेल आणि मुलांना कितपत समजले हे कसे पाहावयाचे, एवढे कागदावर उतरल्यावरच शिक्षक फळ्याकडे वळतो. अलीकडे अनेक शाळा आपले संकेतस्थळ उभारू लागल्या आहेत. हा उत्साह स्वागतार्ह होय. परंतु एका तासिकेसाठी आपण जी पूर्वतयारी करतो, तेवढीही वर्षानुवर्षे चालावयाच्या या कामासाठी केली जात नाही. परिणामी पहिल्या महिन्यात छायाचित्रांची गर्दी होते. पुढे संकेतस्थळ ओस पडते. मागील वर्षाच्या प्रवेशाच्या तारखा तशाच राहतात आणि त्यांवर विसंबून गावाबाहेरून आलेल्या पालकाचा एका दिवसाचा रोज बुडतो.

ज्या जागतिक जाळ्यावर ही संकेतस्थळे वसली आहेत, त्याचा आरंभही एका लेखी योजनेनेच झाला. मार्च १९८९ मध्ये टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळील 'सर्न' या संशोधनसंस्थेत आपल्या वरिष्ठांपुढे एक प्रस्ताव ठेवला. संस्थेतील माणसे साधारणपणे दोन वर्षांत निघून जातात आणि त्यांच्याबरोबर माहितीही नाहीशी होते, ही अडचण त्यांनी प्रथम मांडली. माहितीचे दुवे दाखविणारी आकृती त्यास जोडली होती. प्रत्यक्ष संकेतस्थळ त्यानंतर उभे राहिले. बदल्यांमुळे माहिती खंडित होण्याची ही अडचण आपल्या शाळांनाही अपरिचित नाही. यास्तव संगणकास हात लावण्यापूर्वी पुढील पाच गोष्टी कागदावर निश्चित कराव्यात.

१. वाचक व त्यांची गरज. शाळेत विचारावयास येणारी माणसे कोणती, याची पंधरा दिवस नोंद ठेवावी. दाखला हवा असलेला माजी विद्यार्थी, जात पडताळणीसाठी आजोबांच्या नावाची जनरल रजिस्टरातील नोंद शोधणारा नातू, ऊसतोडीस जाण्यापूर्वी मुलांच्या शिक्षणाची सोय विचारणारे आईबाप, पहिलीच्या प्रवेशाची चौकशी करणारी माता, असे वाचक त्यातून समोर येतील. त्यांचे प्रश्न म्हणजेच आपल्या संकेतस्थळाचा अभ्यासक्रम होय. दाखल्यासाठी अर्ज कोणाकडे द्यावा, सोबत कोणती कागदपत्रे आणावीत, कोणत्या वेळी यावे, हे चार ओळींत सांगणारे पान मान्यवरांच्या स्वागताच्या वीस छायाचित्रांहून अधिक उपयोगी ठरते.

२. आराखडा. प्रत्येक पानासाठी पुठ्ठ्याचे एक कार्ड घेऊन त्यावर पानाचे शीर्षक व आशय लिहावा आणि मुखपृष्ठापासून क्रमाने कार्डे मांडावीत. आरंभी पाच-सहा पाने पुरेत. मग आराखडा तयार करण्यात सहभागी नसलेल्या पालकास बोलावून "दाखल्याची माहिती कोठे सापडेल?" असे विचारावे व आपण काही न सुचविता पाहावे. तो चुकीचे कार्ड उचलू लागला, तर दोष त्याचा नसून आपल्या मांडणीचा आहे. शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालकच असतात; या परीक्षेस तिची बैठक उत्तम.

३. मजकूर. तो आधी वहीत पूर्ण लिहावा, कारण "मजकूर लवकरच" अशी रिकामी पाने विश्वास घालवितात. टंकलेखन युनिकोडमध्येच करावे. जुन्या पद्धतीच्या फाँटमधील मजकूर दुसऱ्याच्या मोबाईलवर निरर्थक चिन्हांसारखा दिसतो. मोबाईलवर काढलेले एक छायाचित्र सहज ३ ते ४ मेगाबाइट भरते. म्हणजे २० छायाचित्रे ६० ते ८० मेगाबाइट. ज्या वस्तीवर रेंज क्षीण आहे, तेथे असे पान उघडणारच नाही. प्रत्येकी २०० किलोबाइटपर्यंत आकार उतरविल्यास तीच २० छायाचित्रे ४ मेगाबाइटमध्ये बसतात.

४. मुलांची माहिती. काय द्यावयाचे नाही, याचीही यादी असावी. मुलाचे पूर्ण नाव, जन्मतारीख, जात, आधार क्रमांक, पालकाचा दूरध्वनी क्रमांक यांपैकी काहीही संकेतस्थळावर जाऊ नये. जनरल रजिस्टराची पाने छायांकित करून ठेवणे तर सर्वथा अनुचित. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ याने १८ वर्षांखालील प्रत्येकास बालक मानले असून त्याच्या माहितीसाठी पालकाच्या संमतीची अट घातली आहे. कायदा बाजूस ठेवला तरी, एकदा बाहेर गेलेली माहिती परत घेता येत नाही, एवढे ध्यानी असावे.

५. उत्तरदायित्व. संकेतस्थळाचे नाव, म्हणजे डोमेन, ठरावीक मुदतीसाठीच मिळते. मुदत संपण्यापूर्वी शुल्क न भरल्यास ते जाते आणि पुढे दुसरा कोणीही ते घेऊ शकतो. म्हणून त्याची नोंदणी एखाद्या शिक्षकाच्या खासगी ई-मेलवर न करता शाळेच्या ई-मेलवर करावी. शुल्काची तरतूद व मुदतीची तारीख समितीच्या इतिवृत्तात नोंदवावी. परवलीचा शब्द बंद लिफाफ्यात मुख्याध्यापकांच्या कपाटात असावा आणि बदलीच्या वेळी प्रभार यादीत त्याचा स्पष्ट उल्लेख व्हावा. प्रत्येक पान कोणी व केव्हा तपासावयाचे, हेही ठरवावे. प्रवेशाचे पान दरवर्षी सत्रारंभापूर्वी, तर इतर पाने प्रत्येक सत्रात एकदा तपासली तरी पुरे.

या पाच बाबी लिहून झाल्यावर कदाचित असेही दिसेल, की आपल्या शाळेस तूर्त संकेतस्थळाची गरज नाही; ग्रामपंचायतीजवळील सूचनाफलक व पालकसभा पुरेशी आहे. हा निष्कर्ष निघाला तरी श्रम वाया गेले असे मानू नये. जे सांभाळता येणार नाही ते न उभारणे, हाही योजनेचाच लाभ होय. ज्या शाळा पुढे जाऊ इच्छितात, त्यांनी आपल्या योजनेचा कागद येत्या केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत सहकाऱ्यांपुढे ठेवावा. कागदावरील चूक खोडरबराने पुसता येते. चुकीच्या तारखेमुळे पालकाने घातलेला हेलपाटा पुसता येत नाही.