शनिवारचा बाजार, चेन्नईहून

2 मार्च 2024. शनिवार असूनही राष्ट्रीय शेअर बाजार मुद्दाम उघडला होता. सकाळी 9.15 ते 10 सौदे मुंबईच्या मुख्य केंद्रावरून झाले आणि 11.30 ते 12.30 आपत्तीसाठी राखलेल्या चेन्नईच्या केंद्रावरून. माझ्या पावस गावी बागेत उभं राहून मोबाइलवर शेअर विकणाऱ्याला यातला कसलाही फरक जाणवू नये, हीच खरी परीक्षा.

अशा परीक्षेची गरज पटवली ती 24 फेब्रुवारी 2021 च्या दिवसाने. टेलिकॉम लिंक तुटल्या, त्याचा फटका स्टोरेजला बसला, जोखीम तपासणारी यंत्रणा बंद पडली आणि 11.40 ला सौदे थांबले. ते सुरू झाले थेट दुपारी 3.45 ला. मधल्या वेळेत अनेक ब्रोकरांनी ग्राहकांचे त्या दिवसाचे सौदे दुसऱ्या बाजारात मिळेल त्या भावाने मिटवून टाकले. पर्यायी केंद्र तेव्हाही होतं, पण त्यावर काम हलवलं गेलं नाही. मला हीच गोष्ट सर्वांत गंभीर वाटते. पावसमध्ये इन्व्हर्टर मृगाआधी मेन स्विच पाडून पाहावा लागतो. नुसता हिरवा दिवा पाहून भागत नाही.

काम आपोआप हलावं म्हणून सर्व्हरच्या जोडीत दोघे एकमेकांना सतत 'मी जिवंत आहे' असा संदेश पाठवत असतात. तो थांबला की दुसरा ताबा घेतो. धोका इथेच आहे. पहिला सर्व्हर मेलेला नसून फक्त मधली तार तुटली असेल तर? मग दोघेही स्वतःला मुख्य समजतात, दोघेही ऑर्डरी जुळवू लागतात, आणि कुणाच्या खात्यात किती शेअर याची दोन वेगवेगळी उत्तरं तयार होतात. म्हणून ताबा घेण्याआधी जुन्या सर्व्हरला सक्तीने बंद करतात, वेळ पडली तर त्याची वीजच तोडतात. चाचणीत तार तोडून हे पाहिलं नसेल, तर ती चाचणी अर्धवट.

अंतराचाही प्रश्न आहे. मुंबई-चेन्नई सरळ रेषेत हजारेक किलोमीटर. फायबरमधून प्रकाश सेकंदाला सुमारे 2 लाख किलोमीटर जातो, म्हणजे जाऊन-येऊन किमान 10 मिलिसेकंद. प्रत्येक सौद्याला तेवढं थांबणं या बाजाराला परवडत नाही, त्यामुळे नोंदींची दूरची प्रत किंचित मागे राहते. शेवटची नोंदही हरवू नये म्हणून जवळ तिसरं केंद्र ठेवावं लागतं.

बाजार नियामक सेबीच्या मार्च 2021 च्या परिपत्रकानुसार बिघाडानंतर 30 मिनिटांत आपत्ती जाहीर करायची आणि तिथून 45 मिनिटांत काम पूर्ववत करायचं. 2 मार्चच्या त्या शनिवारी मात्र दोन सत्रांत दीड तासाचं अंतर होतं, तारीख आधीच जाहीर होती आणि भावाची हालचाल जास्तीत जास्त 5 टक्क्यांवर बांधलेली होती. पहिल्या खेपेला ही काळजी रास्तच. 18 मे 2024 ला, पुन्हा शनिवारीच, असंच सत्र झालं. पण बिघाड सुट्टी पाहून येत नाही. परिपत्रकात आयत्या वेळी, 45 मिनिटांच्या सूचनेवर पर्यायी केंद्रावरून कामकाज चालवण्याचीही तरतूद आहे. भर बाजारात, कामाच्या दिवशी घेतलेली ती चाचणी मला या शनिवारांपेक्षा मोलाची वाटते.