इंजिनाचा भाग बदलल्यावर गाडी बिघडली तर : आधी मोजा, मग नवा सेन्सर घ्या



रविवारच्या मिस्सानंतर चर्चच्या आवारात पाऊसपाण्याच्या गोष्टी निघतात, तशा हल्ली गाड्यांच्याही निघतात. त्यात एक तक्रार पुन्हा पुन्हा ऐकू येते. गाडी गॅरेजात नेली तेव्हा निदान चालत तरी होती, एक भाग बदलला आणि आता ती धड चालतच नाही. मग कोणीतरी सांगतो, ‘सेन्सर गेला.’ नवा सेन्सर येतो, पैसे जातात आणि दुखणे मात्र तसेच राहते.

आमच्या घरच्या पेट्रोल टेम्पोवर हा प्रसंग येऊन गेला. थ्रॉटल बॉडी झिजली म्हणून बदलली. दुसऱ्या दिवशी कोबी-फ्लॉवर भरून चोर्ला घाटातून गोव्याकडे निघालो, तर चढावर गाडी गचके खाऊ लागली. उतारावर पाय काढला तरी रेस खाली येईना. समोर पिवळा दिवा लागला. मालासह परत फिरावे लागले. नवा थ्रॉटल सेन्सर बसवला, तरी फरक पडला नाही. शेवटी दोष सापडला तो एका अर्थिंगच्या वायरीत. काम करताना ती सोडली होती आणि परत नीट आवळलीच नव्हती. विजेचा भाग एकदा बसवला की दुकानदार परत घेत नाही, त्यामुळे तो नवा सेन्सर आमच्याच गळ्यात पडला. असे नुकसान इतरांचे होऊ नये म्हणून हा लेख.

हा सेन्सर करतो काय?

पूर्वी कार्ब्युरेटर होता. हवा ओढली गेली की तिच्याबरोबर पेट्रोल आपोआप जात असे. 1 एप्रिल 2020 पासून देशभर बी. एस. 6 नियम लागू झाले आणि नव्या मोटारसायकलींतही पेट्रोल मोजून सोडण्याचे काम कॉम्प्युटरकडे गेले. आपण मूठ पिळली किंवा पाय दाबला की थ्रॉटल बॉडीतली गोल पाकळी उघडते आणि हवा आत जाते. पाकळी किती उघडली हे कॉम्प्युटरला सांगणारा निरोप्या म्हणजे थ्रॉटल सेन्सर.

पुष्कळ गाड्यांत त्याला तीन वायरी असतात. एकीतून सुमारे 5 व्होल्ट येतात, दुसरी अर्थिंगची आणि तिसरी निरोपाची. रेडिओचा आवाज वाढवण्याचे बटण फिरवावे तसे आत घडते. पाकळी बंद असताना निरोपाच्या वायरीवर साधारण अर्ध्या व्होल्टच्या आसपास दाब असतो, तर पूर्ण उघडल्यावर 4 व्होल्टच्या पुढेमागे. नेमके आकडे गाडीगणिक बदलतात, ते तिच्या दुरुस्ती-पुस्तकात पाहावेत. निरोप चुकीचा गेला की पेट्रोल चुकीचे पडते. मग गाडी गचके खाते, पिकअप घेत नाही किंवा रेस चढलेली राहते.

प्रथम हात लावलेली जागा पाहा

काम होण्यापूर्वी हे दुखणे नव्हते आणि कामानंतर आले, तर दोष बहुधा त्या कामाच्या जागीच असतो. म्हणून पैसे खर्च करण्याआधी, इंजिन बंद करून पुढील गोष्टी पाहाव्यात.

1. सेन्सरचा प्लग ‘टक्’ आवाज होईपर्यंत बसला आहे का? आतली एखादी पिन वाकलेली, हिरवट किंवा ओली आहे का?

2. सोडलेली प्रत्येक अर्थिंगची वायर परत आवळली आहे का? तिच्याखाली रंग किंवा गंज असेल तर तो घासून काढावा.

3. थ्रॉटल बॉडीखालचे पॅकिंग नवे व सरळ बसले आहे का? एखादी रबरी नळी निघालेली किंवा चिरलेली आहे का? तिथून चोरवाटेने हवा शिरली की रेस चढते. अशा वेळी सेन्सर खरे बोलत असतो, उगाच त्याच्यावर आळ येतो.

4. ॲक्सिलरेटरची केबल फार ताणलेली आहे का? मूठ किंवा पाय सोडताच पाकळी पूर्ण मिटली पाहिजे.

5. सेन्सर पाकळीच्या दांड्यावर योग्य खाचेत बसला आहे का? काही सेन्सर थोडे तिरपे धरून, स्प्रिंगविरुद्ध फिरवून बसवावे लागतात. खाचेच्या चुकीच्या बाजूस बसला तर पाकळी फिरते, सेन्सर मात्र जागचा हलत नाही.

6. जुना भाग व नवा भाग शेजारी ठेवून नंबर पडताळावा. दिसायला सारखे असले तरी आतून वेगळे असू शकतात. म्हणून जुना भाग गॅरेजात सोडून येऊ नये, मागून घ्यावा.

मीटर लावून पाहणे

वरचे सर्व ठीक असेल तर मीटर घ्यावा. ज्याच्याकडे तो नाही त्याने गावातल्या वायरमनची मदत घ्यावी, दहा मिनिटांचे काम आहे. चावी चालू ठेवावी, पण इंजिन सुरू करू नये. प्लग जागेवरच ठेवून मागच्या बाजूने वायरीलगत बारीक टाचणी सरकवावी व दोन टाचण्या एकमेकींना लागू देऊ नयेत. वायरीचे कातडे टोचू नये. आपल्याकडच्या पावसात त्या भोकातून पाणी शिरते आणि वायर आतून सडते.

पहिले मोजमाप : 5 व्होल्टची वायर व सेन्सरची अर्थिंग यांमध्ये. येथे सुमारे 5 व्होल्ट मिळालेच पाहिजेत. मिळाले नाहीत तर आधी वायरिंग तपासावे.

दुसरे मोजमाप : सेन्सरची अर्थिंग व बॅटरीचे ऋण टोक यांमध्ये. येथे जवळजवळ शून्य यावे. आमच्या गाडीत येथे अर्ध्या व्होल्टहून अधिक आले, आणि तिथेच चोर सापडला.

तिसरे मोजमाप : निरोपाची वायर व अर्थिंग यांमध्ये. मूठ किंवा पाय अगदी सावकाश दाबावा. आकडा खालून वर सलग चढला पाहिजे. मध्येच शून्यावर पडला किंवा उडी मारली, तर सेन्सर आतून झिजला आहे. त्याला बदलणे भाग आहे. काट्याचा जुना मीटर असेल तर तोच वापरावा, कारण काट्याचा झटका डोळ्याला लगेच दिसतो.

बंद पाकळीवरच आकडा जास्त असेल तर केबल, पाकळी व सेन्सरची बैठक पुन्हा पाहावी. पाकळीला टेकणारा लहान स्क्रू कारखान्यात बसवलेला असतो. रेस कमी करण्यासाठी तो फिरवू नये. त्याने एक दुखणे झाकते आणि दुसरी दोन सुरू होतात.

सर्व मोजमापे बरोबर, तरी रेस वरखाली?

मग कॉम्प्युटर जुन्याच पाकळीच्या हिशेबाने चालला असण्याचा संभव आहे. अनेक गाड्यांत थ्रॉटल बॉडी बदलल्यावर पाकळीची ‘बंद’ जागा त्याला नव्याने शिकवावी लागते. काहींत ठरावीक वेळ चावी चालू-बंद करून ते होते, काहींत मशीन जोडूनच होते. पद्धत कंपनीप्रमाणे वेगळी असल्याने अंदाजाने करू नये. पैसे देण्यापूर्वी मिस्त्रींना नम्रपणे विचारावे, ‘दादा, गाडीला नवी सेटिंग शिकवली का?’ चांगल्या मिस्त्रीला या प्रश्नाचा राग येत नाही.

एक सावधगिरी. केबल नसून नुसत्या विजेवर चालणारा थ्रॉटल असेल, तर चावी चालू असताना पाकळीत बोट घालू नये. मोटर पाकळी मिटवते आणि बोट सापडते. अशा गाड्यांत, तसेच 1 जानेवारी 2023 पासूनचे नवे नियम लागू झालेल्या 50 अश्वशक्तीवरील ट्रॅक्टरांत, मोजमापाचे काम जाणत्या मिस्त्रीकडेच द्यावे.

जिवाची काळजी

रेस चढून अडकलेली गाडी घाटात नेऊ नये. परडीचे पैसे परत मिळतात, माणूस मिळत नाही. चालू इंजिनाजवळ काम करताना पदर, लुंगी व जानव्यासारख्या गळ्यातल्या क्रूसाच्या माळा सांभाळाव्यात, पंखा आणि चेन त्या क्षणात ओढतात. पेट्रोलच्या वासात विडी पेटवू नये.

पावसाळ्यात गोठ्यात किंवा दार लावलेल्या शेडमध्ये गाडी चालू ठेवून तपासणे तर फारच घातक. धुरातील कार्बन मोनॉक्साइड वायूला रंग नाही, वास नाही. डोके दुखू लागणे, गरगरणे, मळमळणे, गळून गेल्यासारखे वाटणे ही त्याची लक्षणे. असे होताच स्वतः बाहेर यावे व दुसऱ्यालाही मोकळ्या हवेत आणावे. कोणी बेशुद्ध असेल तर 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. नंतर बरे वाटले तरी डॉक्टरांना दाखवावे.

संत थॉमसने खूण पाहिल्याशिवाय विश्वास ठेवणार नाही असे म्हटले, म्हणून आपण त्याला ‘संशयी’ म्हणतो. श्रद्धेच्या बाबतीत त्याचे अनुकरण नको, पण गॅरेजात मात्र त्याचा बाणा उपयोगी आहे. ‘सेन्सर गेला’ असे कोणी म्हटले तर ‘मीटरवर दाखवा’ एवढे म्हणावे. त्यात मिस्त्रींचा अपमान नाही आणि घामाच्या पैशाचा मान आहे. ज्यांच्या घरी मीटर आहे त्यांनी तो शेजाऱ्याला द्यावा, एका वाड्यात एक मीटर पुष्कळ होतो.