राऊटरचा मिस्ड कॉल : भोर-वेल्ह्याला परत फोन का लागत नाही?

मिस्ड कॉल म्हणजे काय, हे आपल्याकडे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. पुण्यात शिकणारी पोरगी एक रिंग देऊन कट करायची आणि इकडे भोरला अब्बा नंबर ओळखून परत लावायचे. बिल अब्बांचं. राऊटरचा डायल-अप कॉलबॅक हाच प्रकार आहे. नेटवर्किंगचा कोर्स करणारे आमचे माजी विद्यार्थी विचारतात, डायल-अप तर संपलं, मग हा धडा सोडला तर चालेल का? आम्ही सांगतो, सोडू नका. चूक कशी शोधायची, हे याच्यात फार छान कळतं.

समजा, एका पतसंस्थेची मुख्य कचेरी पुण्यात आणि शाखा भोरला व वेल्ह्याला. 2000 सालच्या आसपास अशा छोट्या शाखेला कायमची भाड्याची लाइन परवडणं कठीण. साधा टेलिफोन, मोडेम आणि राऊटर, एवढंच. संध्याकाळी शाखेचा राऊटर पुण्याला फोन लावून नाव-पासवर्ड सांगतो. पुण्याचा राऊटर ते तपासतो, फोन ठेवतो आणि स्वतःकडे लिहिलेल्या नंबरवर परत लावतो. एसटीडीचं मोठं बिल एकाच ठिकाणी येतं. शिवाय पासवर्ड चोरीला गेला तरी चोराच्या हाती काही लागत नाही, कारण परतीची रिंग शाखेतच वाजणार. आयएसडीएन लाइनवर तर फोन न उचलता, नुसता नंबर बघूनही परत लावता यायचं. तो अस्सल मिस्ड कॉल!

आता परतीचा फोन येत नसेल तर? लोक आधी मोडेमला दोष देतात. आमचं म्हणणं, आधी तो लिहिलेला नंबर बघा. भोरचा कोड 02113, वेल्ह्याचा 02130. शाखेतल्या भाईंनी नुसते गावातले आकडे सांगितले आणि पुण्यात तेच भरले, तर रिंग पुण्यातच भलतीकडे जाणार किंवा लागणारच नाही. ऑफिसच्या बोर्डावर बाहेरची लाइन घ्यायला आधी एखादा आकडा दाबावा लागत असेल, तर तोही नंबरात हवा. नंबर बघून ओळखायची पद्धत असेल तर एक्स्चेंज तो शून्यासकट दाखवतं की शून्याविना, हेही जुळलं पाहिजे. पुढे कोड आणि नंबर मिळून दहा आकडे करताना ठिकठिकाणी नंबर वाढले. राऊटरमधला जुना नंबर बदलायचा राहिला की कालची चालू लाइन आज बंद.

दुसरी गोची वेळेची. पोरीला धीर धरवत नाही, ती पुन्हा लावते, त्याच क्षणी अब्बाही लावतात. दोघांनाही एंगेज. सिस्कोच्या राऊटरमध्ये फोन ठेवल्यावर परत लावण्याआधी थांबायची वेळ, कुणी बदलली नसेल तर, 15 सेकंद असते. तेवढ्यात शाखेने पुन्हा डायल केलं की टक्कर. शाखेने पुण्यापेक्षा जास्त थांबायचं.

तपासताना क्रम सोडू नका. पुण्याला रिंग पोहोचली का? नाव-पासवर्ड पटला का? दोघांनी कॉलबॅक कबूल केला का? शाखेने मागितला आणि पुण्याने नाकारला, तर काम पहिल्याच कॉलवर चालू राहू शकतं. सगळं सुरळीत दिसतं आणि बिल मात्र शाखेला येतं, म्हणून ही चूक लवकर सापडत नाही. शेवटी, परतीचा फोन आपोआप उचलायला शाखेच्या मोडेमला सांगितलंय का? 'डीबग डायलर' आणि 'डीबग पीपीपी नेगोशिएशन' या दोन कमांड चालवल्या की गाडी कुठे अडली ते दिसतं.

हीच रीत आता घरात लागते. बँकेच्या नावाने फोन आला तर तो ठेवायचा आणि पासबुकावर छापलेल्या नंबरवर आपण लावायचा. मात्र कॉलबॅकची एक जुनी खोट आहे. नंबर दुसरीकडे फॉरवर्ड झाला असेल तर परतीचा फोनही तिकडेच जातो. भामटे 401 चा कोड दाबायला लावून लोकांचे फोन असेच वळवत. दूरसंचार विभागाने 15 एप्रिल 2024 पासून अशा कोडवरची ही सोय बंद ठेवायला कंपन्यांना सांगितलं. तरी अम्मी-अब्बांच्या फोनच्या सेटिंगमध्ये कॉल फॉरवर्डिंग एकदा उघडून बघा. तिथे अनोळखी नंबर दिसला तर काढून टाका, आणि पैसे गेले असतील तर लगेच 1930 ला फोन लावा.