चिंग लानचे पुढे काय झाले?

माझी आजी होटगीची. सोलापूरहून वाडीकडे जाताना जिथून गदगची लाईन फुटते, ते होटगी. व्ही. शांतारामांचा ‘डॉ. कोटनीस की अमर कहानी’ हा १९४६ चा चित्रपट तिने मुद्दाम गाडीने सोलापुरास जाऊन पाहिला होता. त्याची गोष्ट ती आम्हा नातवंडांना नेहमी सांगे. डॉक्टर सोलापूरचे, म्हणजे तिच्या हिशेबी घरातलेच! गोष्ट संपली की म्हणे, “त्या पोरीचं पुढं काय झालं असंल रे?”

पडद्यावरची चिंग लान (ते काम जयश्रीबाईंचे) विधवा होऊन, मूल कडेवर घेऊन सासरी येते. प्रेक्षक डोळे पुसतात आणि घरी जातात. खरी हकीगत मात्र तिथे संपत नाही.

तिचे खरे नाव गुओ छिंगलान. ती परिचर्या शिकवीत असे. जपानशी युद्ध पेटलेले. १९३८ साली काँग्रेसने चीनला पाठविलेल्या पाच डॉक्टरांपैकी द्वारकानाथ कोटणीस एक. दोघांची भेट १९४० साली झाली, तीही डॉक्टर बेथ्यून यांच्या समाधीच्या समारंभात! हा परदेशी डॉक्टर चक्क चिनी बोलतो याचे तिला मोठे नवल वाटले. १९४१ च्या नोव्हेंबरात लग्न झाले. पुढल्या ऑगस्टमध्ये मुलगा झाला. त्याचे नाव यिनहुआ. ‘यिन’ म्हणजे भारत, ‘हुआ’ म्हणजे चीन. ९ डिसेंबर १९४२ रोजी डॉक्टर गेले. संसार जेमतेम वर्षाचा, मूल साडेतीन महिन्यांचे, आणि बाईंचे वय सव्वीसच्या आसपास.

त्या सासरी आल्या नाहीत. आपल्या देशातच राहिल्या, मुलाला वाढविले आणि पुढे दुसरे लग्न केले. त्या संसारात मुलगा झाला, मुलगी झाली. तरी सोलापूरचे नाते तुटले नाही. त्या भारतात अनेकदा आल्या, कोटणीसांच्या भावंडांना भेटल्या. यिनहुआ मात्र १९६७ साली, वैद्यकीचे शिक्षण चालू असतानाच गेला. त्या घावानंतरही बाई पंचेचाळीस वर्षे जगल्या आणि २०१२ साली दालियन शहरात, शहाण्णवाव्या वर्षी, वारल्या.

आपल्याकडे ही गोष्ट सांगणारे ते दुसरे लग्न हळूच गाळतात. का कोण जाणे! जणू त्याने डॉक्टरांचे मोठेपण कमी होणार आहे.

ही हकीगत मला कळली तेव्हा आजी फार थकली होती. सांगू की नको, असे झाले. ती स्वतः बाविसाव्या वर्षी विधवा झालेली. होटगीच्या त्या घरात दिराच्या संसारात राबून तिने माझ्या वडिलांना वाढविले होते. अखेर धीर करून सांगितले. ती बराच वेळ पदराचे टोक बोटाला गुंडाळीत राहिली.

“बरं केलं पोरीनं,” ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, “आन् ह्यो दुसरा... मानूस बरा होता का रे?”