वणव्याचा धूर आणि मृत्यूची गणना

ऑस्ट्रेलियातील २०१९-२० चे वणवे ‘काळा उन्हाळा’ या नावाने ओळखले जातात. २०२० मधील शाही आयोगाच्या अहवालानुसार सुमारे २.४ कोटी हेक्टर क्षेत्र जळाले, ३,००० हून अधिक घरे नष्ट झाली व ३३ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. मृतांत नऊजण आग विझविणारे होते. त्यांपैकी तिघे विमान कोसळून दगावलेले अमेरिकन कर्मचारी होत.

तथापि ३३ हा आकडा केवळ प्रत्यक्ष बळींचा आहे. ‘मेडिकल जर्नल ऑफ ऑस्ट्रेलिया’मध्ये २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने १ ऑक्टोबर २०१९ ते १० फेब्रुवारी २०२० या काळात पूर्व ऑस्ट्रेलियात धुरामुळे ४१७ अतिरिक्त मृत्यू झाल्याचा अंदाज वर्तविला. श्वसनविकारांमुळे रुग्णालयात दाखल होण्याचे प्रसंग २,०२७, तर हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांमुळे १,१२४ असावेत, असेही त्यात म्हटले आहे.

ही गणना कशी होते, हे समजून घेणे अगत्याचे आहे. मृत्यूच्या दाखल्यावर ‘धूर’ असे कारण सहसा नसते. तेथे हृदयविकार किंवा दमा अशी नोंद असते. म्हणून हवेतील सूक्ष्म कणांचे प्रमाण, लोकसंख्या, नेहमीचा मृत्युदर आणि कण वाढल्यास मृत्युदर किती वाढतो याविषयीचे पूर्वीचे निष्कर्ष यांवरून संख्याशास्त्रीय अनुमान काढले जाते. साहजिकच त्यात अनिश्चितता राहते. प्रस्तुत अनुमानाची कक्षा १५३ ते ६८० इतकी विस्तृत आहे. परंतु कक्षेचे खालचे टोक स्वीकारले तरी ते ३३ च्या चौपटीहून अधिक भरते.

अडीच मायक्रॉनहून लहान कण नाक व घसा ओलांडून फुप्फुसातील वायुकोशांपर्यंत पोहोचतात. त्यांमुळे होणारा दाह फुप्फुसापुरता मर्यादित राहत नाही. रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढते आणि आधीच दुर्बळ असलेल्या हृदयावर ताण येतो. वृद्ध, बालके, गर्भवती स्त्रिया व दमेकरी यांना धोका अधिक. साध्या कापडी मुखपट्टीने हे कण फारसे अडत नाहीत. जानेवारी २०२० मध्ये मेलबर्न येथील टेनिस स्पर्धेच्या पात्रता फेरीत एका खेळाडूस खोकल्याच्या उबळीमुळे सामना सोडावा लागला होता. सुदृढ क्रीडापटूची ही अवस्था, तर इतरांची कल्पना करावी.

शाही आयोगाने हवेच्या गुणवत्तेची माहिती व आरोग्यविषयक सूचना देशभर एकाच पद्धतीने आणि शक्य तितक्या तत्काळ देण्याची शिफारस केली.